कौटुंबिक कथेतून गायब झालेला हिशेब

दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. त्यांत घरातल्या नात्यांवरच्या कथा भरपूर असतात आणि बऱ्याच कथा एकाच जागी अडकून पडतात. घरात भांडण असतं, रडारड असते, दारं आपटली जातात. पण हे सगळं नेमकं कशावरून पेटलं असं विचारलं की उत्तर माणसांच्या स्वभावावर येऊन थांबतं. थोरली सून कजाग, धाकटा भाऊ आपमतलबी, सासू जुन्या वळणाची. घर कोणाच्या नावावर आहे, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची औषधं कोणाच्या पगारातून येतात, धाकट्याच्या इंजिनिअरिंगसाठी कोणाचं शिक्षण थांबलं, रात्री दोन वाजता आजींना बाथरूमपर्यंत कोण नेतं, यातलं काहीच कथेत सापडत नाही. लेखकाने ते मुद्दाम गाळलेलं नसतं. आपल्या पात्रांबद्दल हे प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलेलेच नसतात.

माझं म्हणणं असं आहे की कौटुंबिक कथा हिशेबापाशी सुरू होते. हिशेबात पैसा येतो, जमीन आणि खोली येते, तसेच कष्ट, जागरणं, सोडलेली नोकरी, राहून गेलेलं लग्न हेही येतं. कोणी काय दिलं, कोणी काय घेतलं आणि कोणाच्या वहीत ते कसं मांडलं गेलं. घरातल्या प्रत्येकाची वही वेगळी असते आणि प्रत्येकाला आपलीच बेरीज बरोबर वाटते. लेखकाला या सगळ्या वह्या ठाऊक असल्या तर त्याला खलनायक लागत नाही. ठाऊक नसल्या तर खलनायकाशिवाय त्याची कथा चार पानंही पुढे सरकत नाही.

याचं सर्वांत ठळक रूप रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसतं. मालिकांतल्या कारस्थानी बायकांवर टीका पुष्कळ झाली आहे. त्या तिथे आल्या कशा, हे मात्र कमी वेळा पाहिलं जातं. दैनंदिन मालिकेचे आठवड्याला सहा-सात भाग लागतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी कामाची विभागणी असते. चित्रीकरण बहुतेक एकाच घराच्या सेटवर उरकायचं असतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की चालू ट्रॅक लांबवायचा की गुंडाळायचा ते ठरतं. अशा व्यवस्थेत खऱ्या कौटुंबिक पेचाची मोठी अडचण होते, कारण तो कधीतरी सुटतो किंवा तुटतो. वाटणी झाली की झाली. त्यानंतर ती माणसं पूर्वीसारखी राहत नाहीत. खलनायिकेचं तसं नाही. तिचा एक डाव फसला की येत्या सोमवारी दुसरा मांडता येतो, आणि बाकी सगळे होते तिथेच राहतात. म्हणजे ती मुळात निर्मितीची सोय आहे. तिथे काम करणाऱ्या लेखकांना मी दोष देत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांनी नाटकात आणि कथेत फार चांगलं लिहिलं आहे. मला काळजी वाटते ती ही सोय छापील कथेत, एकांकिकेत, वेबसीरिजमध्ये शिरली याची. तिथे रोजच्या भागाचं बंधन नाही, आकड्यांचा गुरुवार नाही, तरी भिंतीआडून ऐकणारी काकू आहेच.

हा नुसता लेखनकलेचा प्रश्न असता तर मी तो इतका लावून धरला नसता. गोष्टी ऐकत-पाहत माणसं आपलं घर ओळखायला शिकतात. वर्षानुवर्षं एकच गोष्ट ऐकली, की घर मोडतं ते घरात आलेल्या एखाद्या वाईट बाईमुळे, तर आपल्या घरात काही बिनसलं की आपणही आधी तीच बाई शोधू लागतो. घराची रचना सुटून जाते. कोणावर किती भार पडला आणि त्याच्या बदल्यात कोणाला काय मिळालं, हा प्रश्न मग घरात कधी निघतच नाही.

एक प्रसंग घेऊन बोलते. तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयात नेहमी दिसणारा हा प्रसंग आहे: बहीण भावांच्या नावे हक्कसोड पत्र करून देते. वडील वारलेले असतात. तलाठ्याकडे वारसनोंद झालेली असते आणि सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि बहीण अशी चार नावं लागलेली असतात. थोरला गावी शेती करतो, धाकटा पुण्यात नोकरीला आहे, बहीण शेजारच्या जिल्ह्यात दिलेली आहे. कर्ज काढायचं म्हटलं, विहिरीचं काही काम काढायचं म्हटलं, की सगळ्यांच्या सह्या लागतात. दर वेळी तिला कुठे बोलवत बसायचं, म्हणून कोणीतरी म्हणतं, ताईचं नाव कमी करून टाकू.

हा प्रसंग आपल्या कथांमध्ये दोनच तऱ्हांनी येतो. एकीत बहीण हसत सही करते, भावाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि माहेरच्या मायेचा जयजयकार होतो. दुसरीत वहिनी कपटाने सही घेते आणि शेवटी तिला शिक्षा होते. दोन्हींत लेखकाने हातात आलेलं सोनं टाकून दिलेलं असतं. त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे वळून पाहा.

थोरल्याची शाळा दहावीला सुटली, कारण वडिलांना शेतात एक हात हवा होता. बहिणीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज त्याने फेडलं. त्याच्या हिशेबात बहिणीचा वाटा लग्नातच देऊन झाला. कायदा तसं मानत नाही, आणि ते ऐकून त्याला खरोखर अन्याय झाल्यासारखं वाटतं. तो लबाड नाही. ज्या नियमांनी त्याच्या वडिलांच्या पिढीने घरं चालवली त्याच नियमांनी तो वागला आणि मधेच नियम बदलले.

वहिनीकडे तर आपल्या कथेने नीट पाहिलेलंच नाही. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना भरवणं, कूस बदलणं, अंथरूण धुणं तिने केलं. नवरा हयात असताना सून सासऱ्याची वारस होत नाही. त्या सातबाऱ्यावर, जिथे तिची सगळी उमेद गेली, तिचं नाव कुठेच नाही. दिवाळीला चार दिवस येऊन जाणाऱ्या नणंदेचं नाव मात्र कोणी न मागता लागतं. ती हक्कसोडीची घाई करते तेव्हा तिच्या मनात कारस्थान असायची गरज नाही. आपण केलेली सेवा दुसरीच्या नावावर जमा होते आहे, एवढं तिला दिसतं, आणि ते खरंच आहे.

आता बहीण. तिच्या नवऱ्याच्या दुकानावर कर्ज आहे आणि सासरची माणसं 'वाटा माग' म्हणून मागे लागली आहेत. पण उद्या त्या घरात काही बरं-वाईट झालं तर आपण जाणार कुठे, याचं उत्तर तिच्यापाशी एकच आहे, ते म्हणजे हे माहेर. वाटा मागितला की माहेर तुटणार. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यात बायांनी भावाविषयी जे गायलं ते वाचलं की कळतं, ही भीती किती जुनी आहे. भाऊ शेता-वाड्याचा धनी आणि बहिणीला हवी ती एक चोळी, एक हाक, दारात उभं राहण्याची मुभा. म्हणजे ही आजची बहीण कायद्याने दिलेली पक्की गोष्ट सोडून भावाच्या मर्जीवर असलेली कच्ची गोष्ट विकत घेते आहे, आणि हे तिला पूर्ण समजतं आहे. तिला भोळी करून टाकली की कथा संपली.

धाकटा म्हणतो, 'मला काही नको, दादा, सगळं तूच ठेव.' या टेबलावरचं सर्वांत महागडं वाक्य हेच. ते बोलून तो मोठा होतो आणि बहीण कोंडीत सापडते, कारण त्याने सोडल्यावर तिने न सोडणं हा हावरटपणा ठरतो. त्याचा फ्लॅट आहे, पगार आहे, त्याला सोडणं परवडतं. आई गप्प आहे. तिने स्वतः कधीकाळी आपल्या भावांना अशीच सही दिली होती, आणि मुलीने ती दिली नाही तर आपण तेव्हा काय केलं, या प्रश्नाला तिला सामोरं जावं लागेल.

पाच माणसं, पाचही आपापल्या जागी बरोबर. निबंधक विचारतो, दस्त वाचला का, समजला का, कबूल आहे का. फोटो निघतो, यंत्रावर अंगठा उमटतो. पुढे तलाठी फेरफार घेतो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कथाकाराला कायद्याने आयते पंधरा दिवस बांधून दिले आहेत. त्या पंधरा दिवसांत भाऊबीज येऊ शकते. बहिणीच्या मुलीचं ॲडमिशन येऊ शकतं. शेतालगतच्या रस्त्याच्या रुंदीकरणाची बातमी येऊ शकते. असे पंधरा दिवस ज्याच्या हाताशी आहेत त्या लेखकाने भिंतीआड काकू उभी करावी, याचं मला वाईट वाटतं.

यात काळही येतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्या दुरुस्तीआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने तो हक्क सगळ्या मुलींना दिला, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. म्हणजे एकाच आईच्या दोन मुली, एकीचं लग्न १९९३ चं आणि दुसरीचं १९९५ चं, पुढची दहाएक वर्षं एकाच घरात वेगवेगळ्या हक्कांच्या होत्या. या दोघींमध्ये त्या काळात काय बोलणं झालं असेल? यावर कादंबरी व्हायला हवी होती. माझ्या वाचनात तरी ती आलेली नाही.

हिशेब म्हटलं की काही वाचक, आणि लेखकही, नाराज होतात. नाती पैशात मोजू नयेत, घरातलं प्रेम, मत्सर, अपराधीपणा हे सगळं वाटणीच्या कागदात कसं मावणार, असं ते म्हणतात. ही शंका खरी आहे आणि तिला उत्तर दिलं पाहिजे. मी भावना कागदात कोंबा म्हणत नाही. भावना एरवी दिसत नाहीत आणि कागद पुढे आला की दिसतात, इतकंच माझं निरीक्षण आहे. वडिलांचा लाडका कोण होता, हा प्रश्न आयुष्यभर कोणी मोठ्याने विचारत नाही. मृत्युपत्र उघडलं की त्याचं उत्तर वाचून दाखवलं जातं. लेखकाला त्या क्षणाची गरज आहे.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' विजया मेहतांनी १९८५ मध्ये रंगमंचावर आणलं. त्यात वडिलांच्या तेराव्यासाठी घर जमतं. गाव जेवू घालायचं तर पैसा कुठून आणायचा, एवढा साधा प्रश्न. मुंबईहून आलेला सुधीर गाठीला पैसा बाळगून असेल असं घराला वाटतं. त्याचं तिथलं जगणं किती बेताचं आहे ते त्यालाच ठाऊक. घरचे दागिने थोरल्या भास्करच्या ताब्यात. प्रभाला शिकायचं होतं, ते कोणी होऊ दिलं नाही. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. या नाटकात एकही खलपात्र नाही आणि तरी शेवटापर्यंत श्वास अडकून राहतो. वहिनी एका रात्री ते दागिने अंगावर घालते तो प्रवेश आठवावा. वर्षानुवर्षं राबलेल्या बाईला थोडा वेळ त्या घराची मालकीण व्हायचं आहे. प्रेम, अभिमान, लोभ आणि थकवा त्या दागिन्यांत एकत्र आले आहेत. वेगळे काढून दाखवता येत नाहीत. पैशाचा विषय बाजूला ठेवला असता तर यातलं काहीच दिसलं नसतं.

ज्यांच्याकडे वाटायला काही नाही त्यांचं काय, हा दुसरा आक्षेप. तिथे हिशेब जास्त कडक असतो. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये, १९६० सालच्या कादंबरीत, कौतिक मोलमजुरीवर संसार ओढते. तिथे वाटणी होते ती भाकरीची, अंगातल्या ताकदीची, कोणत्या मुलाला कामाला लावायचं आणि कोणाला शाळेत ठेवायचं याची. आनंद यादवांच्या 'झोंबी'त बाप मुलाला शिकू देत नाही. वाचताना त्या बापाचा राग येतो, आणि तरी लेखकाने त्याला राक्षस केलेलं नाही. शेतात एक माणूस कमी पडला तर घर बसेल, ही त्याची धास्ती आपल्याला कळते. मुलगा बरोबर आहे आणि बाप समजण्याजोगा आहे. हे दोन्ही एका पानावर आणता येणं हीच कौटुंबिक लेखनाची खरी परीक्षा आहे, आणि मराठीतल्या मोठ्या लेखकांनी ती दिलेली आहे. आपण परंपरा नसलेले लोक नाही.

भावंडांबद्दल लिहिताना एक गोष्ट फार क्वचित जमलेली दिसते. एकाच घरात वाढलेल्या भावंडांना आई-बाप एकच मिळतात, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. थोरल्याने पाहिलेले वडील तिशीतले, कर्जात बुडालेले, हात उगारणारे. शेंडेफळाने पाहिलेले वडील पेन्शनीतले, संध्याकाळी भेळ आणणारे. पुढे पन्नाशीत दोघं भाऊ वडिलांबद्दल बोलू लागले की एकाला दुसरा खोटारडा वाटतो. थोरला म्हणतो, तुला काय माहीत. धाकटा म्हणतो, तू नेहमी त्यांच्यात वाईटच शोधतोस. दोघांच्याही आठवणी अस्सल आहेत. लेखकाने दोघांच्या जन्मसालांमधलं अंतर, त्या वर्षांत घरात आलेलं किंवा गेलेलं उत्पन्न, बापाची बदली, गिरणीचा संप, दुष्काळाचं वर्ष, हे सगळं मांडून पाहिलं तर हे भांडण आपोआप लिहिलं जातं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आणि त्याची दोन वर्षांची बहीण यांच्या वाट्याला आलेला बाप एक असूच शकत नाही.

म्हातारपणाच्या कथांचंही असंच झालं आहे. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० साली आलं, आणि त्यानंतर उपकार विसरलेल्या मुलांच्या गोष्टींची रांग लागली. मूळ नाटक त्या रांगेपेक्षा फार गुंतागुंतीचं आहे. अप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होताना जवळचं सगळं मुलांमध्ये वाटून टाकतात आणि त्यानंतर त्यांच्याच घरी राहायला जातात. घरचा कर्ता माणूस एका दिवसात आश्रित होतो, पण त्याचा आवाज, त्याचं वागणं कर्त्याचंच राहतं. सुनेला आपल्या मुलीवर कोणते संस्कार व्हावेत हे ठरवायचं आहे, आजोबांना नात आपल्यासारखी मोकळी वाढायला हवी आहे. या ओढाताणीत सुनेची बाजू आहे, हे विसरून आपण फक्त म्हाताऱ्याचे अश्रू लक्षात ठेवले आणि त्यांचीच नक्कल केली.

आज तीच गोष्ट लिहायची तर परिस्थिती बदललेली आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर त्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. म्हणजे आजच्या अप्पासाहेबांसमोर एक दार उघडं आहे. ते त्यातून का जात नाहीत? पोराविरुद्ध अर्ज करायची लाज, लोक काय म्हणतील ही धास्ती, की अर्ज केला तर नात पुन्हा भेटणार नाही ही भीती? आणि एखादा म्हातारा खरंच अर्ज करतो, जिंकतो, आणि त्याच घरात त्याच मुलासोबत राहू लागतो, त्या घरात सकाळचा चहा कोण देतं, काय बोलून देतं? कायद्यानंतरची ही कथा मला कुठे फारशी दिसत नाही. आपण अजून १९७० मध्येच अश्रू ढाळतो आहोत.

या सगळ्याला भाषेची जोड हवी. मराठी घरात माणसं समोरासमोर माफी मागत नाहीत. भांडणानंतर ताटावर बोलावणं येतं, तेही मुलाच्या तोंडून: 'आजीला म्हणावं, जेवून घे.' दोन जावा तीन महिने एकमेकींशी न बोलता एकाच ओट्यावर स्वयंपाक करू शकतात आणि त्या काळात त्यांच्यातलं सगळं बोलणं मुलांमार्फत, भांड्यांच्या आवाजातून आणि देवाशी चाललेल्या पुटपुटण्यातून होतं. थोरला भाऊ धाकट्याला एक दिवस 'तुम्ही मोठी माणसं' म्हणाला की समजावं, तुटलं. आपल्या कथांमधली पात्रं मात्र एकमेकांना आपली मनं समजावून सांगतात. 'मला तुझ्याकडून फक्त समजून घेण्याची अपेक्षा होती' असं वाक्य मी कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात ऐकलेलं नाही, छापील पानावर मात्र सतत वाचते. पात्र जे म्हणेल ते आणि जे त्याला म्हणायचं आहे ते, या दोन्हींत अंतर ठेवावं लागतं. हिशेब पक्का माहीत असलेल्या लेखकालाच ते ठेवता येतं, कारण काय गिळलं जातं आहे हे त्याला माहीत असतं.

प्रेक्षकांना हेच हवं असतं, असं वाहिन्यांचे आणि काही प्रकाशकांचेही लोक सांगतात. मला ते पटत नाही. जे दिलंच नाही ते हवं आहे की नको, हे कसं कळणार? 'वाडा चिरेबंदी' वेगवेगळ्या पिढ्यांच्या रंगकर्मींनी पुन्हा पुन्हा उभं केलं आणि लोकांनी ते पाहिलं. जो प्रेक्षक रोज तलाठ्याच्या चकरा मारतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नॉमिनीवरून भांडतो, त्याला हिशेब कळत नाही असं मानणं हा त्याचा अपमान आहे. त्याला तो आपल्यापेक्षा चांगला कळतो.

मुंबईत सध्या अशा कथा इमारतींच्या इमारती भरून पडल्या आहेत. बीडीडी चाळी शंभरेक वर्षांपूर्वी बांधल्या गेल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात त्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, सगळीकडे हा बदल चालू आहे. त्या १६० फुटांत कधीकाळी दोन भावांचे संसार होते. पडदा लावून रात्री काढल्या जात होत्या. मग एक भाऊ उठला आणि डोंबिवलीला किंवा विरारला गेला, तासन्‌तास लोकलला लटकत राहिला, म्हणजे दुसऱ्याला खोली मिळावी. तेव्हा घरच्यांनी कोणाला मोठं मन म्हटलं? जाणाऱ्याला, कारण त्याने जागा सोडली? की राहणाऱ्याला, कारण आई-वडिलांना त्याने सांभाळलं? भाडेपावती वडिलांच्या नावावर होती, पुढे ती राहणाऱ्याच्या नावावर झाली, तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. खोलीला मोल नव्हतं. आता त्याच पावतीवर वरळीसारख्या ठिकाणी मोठं घर मिळतं आहे. विरारचा भाऊ साठीला आला आहे, त्याचे गुडघे गेले आहेत, त्याची मुलं विचारत आहेत की काकांना सगळं कसं मिळालं. वरळीच्या भावाची बायको म्हणते, वीस वर्षं आईंचं मी केलं तेव्हा कोणी विचारायला आलं नाही. राहणारा भाऊ गृहप्रवेशाचं आमंत्रण द्यायला फोन उचलतो. त्याला ठरवायचं आहे की पूजेला कोणी बसायचं, आई-वडिलांचा फोटो कुठे लावायचा, आणि दादाला नुसतं 'या' म्हणायचं की चावीची गोष्ट आजच काढायची. ही कथा ज्याच्या घरात घडते आहे असा एखादा तरुण लेखक आज त्याच इमारतीत बसला असेल. संपादक म्हणून माझी त्याच्याकडे मागणी एवढीच आहे की लिहायला बसण्याआधी त्याने आपल्या काकूला विचारावं, त्या वीस वर्षांत तिने काय काय केलं, आणि नंतर विरारला जाऊन दुसऱ्या काकूलाही तेच विचारावं.